विषय : पिल्लू मिळण्याबाबत

मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली निम्मीअधिक वर्षं कर्ज खात्यात गेली. त्यामुळे अर्ज या प्रकाराचं मला फारसं अप्रूप नाही. घरासाठी, ट्रॅक्टरसाठी, म्हशीसाठी, मुलीच्या लग्नासाठी, असे नाना तऱ्हेचे अर्ज मी वाचले. काही मंजूर केले, काही शेरा मारून परत पाठवले. पण गेल्या गणपतीत पुण्याला मुलाकडे गेलो असताना माझ्या आठ वर्षांच्या नातीनं जो अर्ज माझ्या हातात ठेवला, तसा उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नव्हता.

वहीच्या रेघी कागदावर मजकूर होता : ‘प्रति, माननीय आजोबा. विषय : कुत्र्याचे पिल्लू मिळण्याबाबत. महोदय, मला भाऊ किंवा बहीण नाही. आईबाबा सात वाजता घरी येतात. तरी मला एक पिल्लू मिळावे, ही विनंती. मी त्याचे सगळे करीन. आपली आज्ञाधारक.’ खाली सही, आणि सहीशेजारी एका लांब कानांच्या प्राण्याचं चित्र. चित्र जरा सशाकडे झुकलं होतं, पण विषय स्पष्ट असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

अर्ज माझ्याकडे येण्याचं कारण उघड होतं. खालच्या दोन्ही कचेऱ्यांनी, म्हणजे आई आणि बाबांनी, तो तोंडीच फेटाळला होता. हे अपील होतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. सूनबाईंच्या हरकती रोखठोक होत्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोघांच्या नोकऱ्या, घरभर केस, सोसायटीतल्या लोकांची कुरकुर, सुट्टीत गावाला जायचं तर त्याला ठेवायचं कुठे. एकही हरकत खोडून काढण्यासारखी नव्हती. पण मुलगा एरवी शांत बोलणारा. तो पानावरून मान वर न करता म्हणाला, ‘‘नाही म्हणजे नाही. आणि बाबा, तुम्ही तरी हा विषय काढू नका.’’

त्यातले ‘तुम्ही तरी’ हे दोन शब्द मला लागले. का लागले, ते पुढे सांगतो. आधी अर्जाचा विचार करू. कारण असा अर्ज आज घराघरात पडून असणार. घरात जनावर असल्यानं मुलाचं खरंच काही भलं होतं का, की तो नुसता हट्ट? पुरवलेला हट्ट महिनाभरानं जसा माळ्यावर जातो, तसं पिल्लू काही माळ्यावर टाकता येत नाही. म्हणून निर्णय देण्याआधी, नोकरीतल्या सवयीप्रमाणे, मी दोन्ही बाजू तपासायचं ठरवलं.

आमच्या लहानपणी ‘पाळीव प्राणी’ हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता. घरात तो कुणी कधी उच्चारला नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी गोठ्यात दोन गाई आणि बैलांची जोडी होती, पडवीत कुत्रा होता आणि माजघरात मांजर होती. त्यातलं हौसेचं कुणीच नव्हतं. मांजर भातावरच्या उंदरांसाठी, कुत्रा राखणीसाठी, बैल नांगरासाठी. प्रत्येकाला काम होतं आणि कामाच्या मोबदल्यात घास होता. कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेला माणूस आमच्या गावात लोकांनी वेडा ठरवला असता.

तरी पण त्या मुक्या जिवांचा घरात हक्क होता. पान वाढलं की आजी आधी गोग्रास बाजूला काढायची. वसुबारसेला गाय-वासराची पूजा व्हायची आणि त्या दिवशी आजी दूध-तुपाला शिवत नसे. आज ते वासराचं, असं म्हणायची. भिंतीवर दत्ताची तसबीर होती, मागे गाय आणि पायाशी चार कुत्रे. ते चार वेद आहेत हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मी समजत असे की देवाच्या घरालाही पडवी असणार.

मी पाच भावंडांत शेंडेफळ. घरातला प्रत्येक जण मला हुकूम सोडू शकत असे आणि मी कुणालाच नाही. मी सात वर्षांचा असताना गाय व्याली, पाडी झाली. आजी मला गोठ्यात घेऊन गेली आणि म्हणाली, ‘‘ही तुझी. हिचं तू बघायचंस.’’ सकाळी तिच्याखालचं शेण काढायचं, दुपारी हिरवा चारा, संध्याकाळी पाणी. पहिले आठ-पंधरा दिवस मी राजासारखा मिरवलो. मग एका संध्याकाळी विटीदांडूच्या नादात पाणी पाजायचं विसरलो.

आजी रागावली नाही. रात्री तिनं माझं पान वाढलं. ऊन भात आणि कुळथाचं पिठलं. पण पानाशी तांब्या-भांडं ठेवलं नाही. मी मागितलं तर म्हणाली, ‘‘आज पाणी विसरलं हो.’’ चार घासांत घसा कोरडा पडला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. तसाच उठलो, कंदील घेतला, विहिरीवरची भरलेली बादली ओढत गोठ्यात नेली. पाडी बादलीत तोंड घालून पीत राहिली, पीत राहिली. तिच्या पिण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. परत आलो तेव्हा पानाशी भरलेला तांब्या होता. आजी त्यावर एक अक्षर बोलली नाही.

त्या रात्री मला जे कळलं, ते शब्दांत मांडायला पुढे पुष्कळ वर्षं लागली. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे ते कळणं होतं. घरातल्या धाकट्याला त्याच्याहूनही धाकटं कुणी तरी मिळालं होतं. मुलाच्या वाढीत जनावराचा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. बाकीचे सगळे याच्या पोटातले.

आजच्या मुलांकडे बघा. बहुतेक घरांत एक, फार तर दोन. पाण्याची बाटली आई भरते, दप्तर बाबा उचलतात, बूट आजोबा शोधून देतात. मी स्वतः शोधून दिले आहेत. यात प्रेम आहे, कुचराई नाही. पण त्या मुलाच्या वाट्याला दिवसभर फक्त घेण्याचंच काम येतं. आपल्यावाचून अडणारं असं त्याच्या आयुष्यात काही नसतं. मग एक दिवस तो मोठा होतो, आणि आपण तक्रार करतो की याला दुसऱ्याची जाणीव नाही. जाणीव शिकायला त्याला आपण गोठा कधी दिला होता?

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये जॉन लॉक नावाच्या तत्त्वज्ञानं १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं आपल्या माहितीतल्या एका आईचं कौतुक केलं आहे. ती मुलींना कुत्री, खारी, पक्षी असं मागतील ते पाळू द्यायची. मात्र एकदा घेतलं की त्याची देखभाल नीट होते की नाही, यावर तिची नजर असायची. हयगय हा तिच्या घरी मोठा अपराध होता. मुक्या जिवाला छळणारं मूल पुढे माणसांनाही दयेनं वागवणार नाही, असं लॉकचं म्हणणं. माझ्या आजीला जॉन लॉक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तांब्या न ठेवण्याचं शास्त्र मात्र तिला पुरतं ठाऊक होतं.

दुसरा फायदा बोलण्याचा, किंवा खरं म्हणजे न बोलण्याचा. अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. एकदा एक मिटून गेलेलं मूल ठरल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे आलं. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा तिथेच होता. डॉक्टरांशी न बोलणारं ते मूल कुत्र्याशी खेळू लागलं आणि हळूहळू त्या खेळात डॉक्टरांनाही जागा मिळाली. १९६२ साली लेव्हिन्सन यांनी या अनुभवावर लेख लिहिला. सुरुवातीला त्यांच्या व्यवसायबंधूंनी थट्टा केली, पण उपचारात प्राण्यांची मदत घेण्याच्या पुढच्या सगळ्या कामाची ती सुरुवात ठरली. त्याच देशात युटा राज्यात १९९९ पासून मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. वाचताना अडखळणारं मूल वर्गासमोर घाबरतं. कुत्र्यासमोर घाबरत नाही. कुत्रा हसत नाही, मध्येच चूक दुरुस्त करत नाही, आणि शेजारच्या मुलाचं उदाहरण देत नाही.

हे वाचलं आणि मला चिपळूणची आमची मागची खोली आठवली. माझा मुलगा लहानपणी फार अबोल होता. शाळेत उत्तर येत असूनही हात वर करत नसे. पण सगळे पाढे त्यानं आमच्या बंड्यासमोर मोठ्यानं म्हणून पाठ केले. एकोणतीसचा पाढा चुकला तरी बंड्याची हरकत नसे. त्याला फक्त आवाज थांबलेला चालत नसे.

आणि बोलण्याइतकंच महत्त्वाचं ते ऐकणं. जनावर तोंडानं काही सांगत नाही. त्याला भूक आहे की भीती, पोट दुखतंय की खेळायचंय, हे कानांवरून, शेपटीवरून, डोळ्यांवरून ओळखावं लागतं. शेपूट हलते म्हणजे दर वेळी आनंदच असतो असं नाही. कुत्रा सारखी जांभई देतो, ओठ चाटतो, नजर चुकवतो, तेव्हा तो बहुधा अस्वस्थ असतो. हे वाचायला शिकलेलं मूल पुढे माणसांचंही न बोललेलं वाचू लागतं. हे विधान मी पुस्तकावरून करत नाही. त्याचा पुरावा मला माझ्याच घरात, फार उशिरा मिळाला.

तिसरा मुद्दा प्रकृतीचा. जनावर म्हणजे रोगराई, असं आपण धरून चालतो. फिनलंडमध्ये ३९७ बाळांच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत कुत्रा होता, तिथल्या बाळांना सर्दी-खोकल्याचा आणि कानदुखीचा त्रास कमी झाला होता आणि प्रतिजैविकंही कमी द्यावी लागली होती. स्वीडनमध्ये काही लाख मुलांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ साली आलेल्या त्या अभ्यासात, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं. गाईगुरांच्या सहवासात वाढलेल्यांमध्ये ते त्याहूनही बरंच कमी होतं. अगदी निर्जंतुक घरात वाढलेल्या शरीराला शत्रू-मित्र ओळखण्याचा सराव होत नाही, असा एक विचार त्यामागे आहे.

हे आकडे वाचून मी खूश झालो आणि लगेच सावध झालो. कर्ज खात्यातल्या माणसाला एक खोड असते. तो आकड्यामागचा माणूस बघतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक घरांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वरवर पाहता कुत्रा-मांजर असलेल्या घरांतली मुलं तब्येतीनं आणि मनानं जास्त चांगली होती. पण कुटुंबाची मिळकत, घर, आईवडिलांची परिस्थिती यांचा हिशेब धरल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे असं की, ज्या घराला कुत्रा परवडतो त्या घराला डॉक्टरही परवडतो, आणि श्रेय मात्र कुत्र्याच्या नावावर जमा होतं.

तेव्हा कुत्रा हे टॉनिक नाही. तो आणला की मूल आपोआप निरोगी, प्रेमळ आणि जबाबदार होईल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मग फायदा कशात आहे? मला वाटतं, जनावर घरात असण्यात तो नसतो. त्या जनावराशी घरातली मोठी माणसं कशी वागतात, यात असतो. मूल ते बघत असतं. लॉकनं त्या आईच्या नजरेचं कौतुक केलं होतं, कुत्र्यांचं आणि खारींचं नाही.

आणि इथे मला ‘तुम्ही तरी’ या दोन शब्दांकडे यावं लागतं.

१९८८ साली माझी चिपळूणला बदली झाली. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एक भिजलेलं पिल्लू आमच्या जिन्याखाली येऊन बसलं. तांबूस रंगाचं, देशी. मुलगा सहा वर्षांचा होता. त्यानं नाव ठेवलं बंड्या. बंड्या बाहेर असा कधी झोपलाच नाही. मुलाच्या खाटेखाली त्याचं पोतं होतं. तीन वर्षं ती दोघं सख्ख्या भावांसारखी वाढली.

जून १९९२मध्ये मुंबईला बदलीचा हुकूम आला. डोंबिवलीला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, आणि जनावर ठेवायचं नाही ही मालकांची अट होती. गुहागरच्या बाजूच्या एका गावात माझ्या ओळखीचे एक शेतकरी होते, भला माणूस. त्यांनी बंड्याला ठेवून घ्यायचं कबूल केलं. मी मुलाला सांगितलं, दिवाळीत मोठं घर बघू आणि त्याला घेऊन येऊ. तो रडला नाही. त्यानं वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं : बंड्या काय खातो, फटाक्यांना घाबरतो, रात्री आत झोपतो, त्याला हाक कशी मारायची. पान माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, ‘‘काकांना द्या.’’

ते पान मी दिलं नाही. एका शेतकऱ्याच्या हातात कुत्र्याच्या सवयींची यादी ठेवायची मला लाज वाटली. तो हसेल असं वाटलं. पान खिशातच राहिलं.

दिवाळीत रजा मिळाली नाही आणि मोठं घरही मिळालं नाही. भाऊबीजेनंतर आठवड्याभरानं त्यांचं इनलँड आलं. तुमच्या कुत्र्याला तीन दिवसांमागे रात्री बिबट्यानं अंगणातून नेलं, राखणीला बाहेर बांधत होतो, फार वाईट वाटलं, असा मजकूर होता. त्यांचा काडीचा दोष नव्हता. तिकडे कुत्रे अंगणातच असतात. हा कुत्रा आत झोपणारा आहे, हे त्यांना सांगणारा कागद माझ्या खिशात राहिला होता.

मी ते पत्र डायरीत ठेवलं आणि मुलाला सांगितलं, ‘‘बंड्या मजेत आहे. आता तिकडेच रुळलाय.’’ तो विचारत राहिला. आज पत्र आलं का? आता तो केवढा झाला असेल? दर वेळी मी काहीबाही रचून सांगत गेलो. संक्रांतीच्या सुमारास त्यानं विचारणं बंद केलं. मी हुश्श केलं. हिला म्हटलं, मुलं विसरतात लवकर.

अर्ज हातात पडल्यापासून दोन दिवस मी हे सगळं उगाळत होतो. गौरी विसर्जनाच्या रात्री घर निजल्यावर मुलगा बाल्कनीत बसला होता, तिथे जाऊन बसलो. तेहतीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं, ते एका दमात सांगून टाकलं. बिबट्या, इनलँड, आणि खिशातलं पान.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘पानाचं माहीत नव्हतं. बाकीचं माहीत आहे, बाबा. ते पत्र तुमच्या डायरीत होतं. मी तेव्हाच वाचलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘विचारणं बंद केलं ना. मी विचारलं की तुम्हाला खोटं सांगावं लागायचं. तुमचा चेहरा बघवत नसे.’’

म्हणजे तो विसरला नव्हता. वर्षानुवर्षं मी समजत होतो की मी मुलाचं दुःख सांभाळलं. प्रत्यक्षात नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलानं एकट्यानं बंड्याचं दुःख केलं आणि वर बापालाही सांभाळून घेतलं. न बोललेलं वाचायला त्याला ज्यानं शिकवलं, त्यालाच मी अंगणात बांधायला देऊन आलो होतो. मघाशी ज्या पुराव्याबद्दल म्हणालो, तो हा.

‘‘मला कुत्रा नको आहे असं नाही,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘ती आठ वर्षांची आहे, ‘सगळं करीन’ असं तिनं लिहायचंच. प्रश्न तिचा नाहीच. उद्या मला बंगळूरला जा म्हणाले तर? मी दिवाळीत आणू म्हणून सांगणार का?’’

मला वाटतं, ‘मुलांना प्राण्यांचा फायदा होतो का’ या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न हा आहे. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, कधी त्याहूनही जास्त. आठ वर्षांच्या मुलीसाठी आणलेलं पिल्लू ती कॉलेजात जाईल तेव्हा म्हातारं झालेलं असेल. त्याचं बालपण, ऐन उमेद, म्हातारपण आणि मरण हे सगळं ती बघेल. घरातल्या माणसांच्या बाबतीत हे बघायला माणसाला साठ-सत्तर वर्षं लागतात. मरण बघून मूल खचेल अशी भीती आपल्याला वाटते, म्हणून आपण ‘गावाला गेला’ असं सांगतो. पण मूल मरणानं जितकं दुखावत नाही, तितकं एकटं पडल्यानं दुखावतं. बंड्या गेला हे मी सांगितलं असतं, तर आम्ही दोघं मिळून रडलो असतो. तेवढं तरी त्याला देता आलं असतं.

आम्ही लगेच होकार दिला नाही. नातीला सांगितलं, अर्ज विचाराधीन आहे. सोसायटीच्या फाटकाशी एक म्हातारी कुत्री असते. तिचं पाण्याचं भांडं रोज सकाळी शाळेआधी विसळून भरायचं, तीन महिने. पहिल्या महिन्यात चार दिवस चुकले. आजीची तांब्याची युक्ती मी वापरली नाही. फोनवर नात स्वतःच सांगायची, ‘‘आजोबा, आज राहिलं.’’ तिसऱ्या महिन्यात एकही दिवस चुकला नाही. त्या काळात सूनबाईंनी सोसायटीच्या चिटणिसांशी बोलून घेतलं, आणि शेजारच्या काकू दुपारी तासभर लक्ष ठेवायला तयार झाल्या.

ज्यांच्याकडे असा अर्ज पडून आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जनावर मुलासाठी आणलं तरी ते मोठ्यांनीच आणलेलं असतं. मुलाला झेपेल ते काम मुलाचं, उरलेलं आणि विसरलेलं आपलं. डॉक्टरांचा, लशींचा आणि खाण्याचा खर्च आधी कागदावर मांडावा. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर वैद्यांचा सल्ला घेऊन मगच पाऊल टाकावं. अगदी लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटं सोडू नये, कुत्रा कितीही गुणी असो. तो जेवत किंवा झोपत असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी शिकवावं. पिल्लाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी. कुठल्याही कुत्र्या-मांजराचा दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज एकदा झाला की वाचणं जवळपास अशक्य. वेळेवर इंजेक्शनं घेतली तर तो टाळता येतो. आणि ओरखडा निघाला म्हणून मुलाला कधीच रागावू नये. रागावलं तर पुढचा ओरखडा ते लपवेल.

पिंजऱ्यातला पोपट आमच्या वेळी घरोघर असे. आज आपल्याकडचा रानपोपट किंवा चांदणी कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. उडणारा जीव बंद करून मुलाला दया कशी शिकवणार? ज्यांना कुत्रा-मांजर शक्य नाही, त्यांनी मन लहान करू नये. खिडकीत पक्ष्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवा. ते मुलानंच भरायचं, मुलानंच घासायचं. मुख्य गोष्ट एवढीच, की कुणाचं तरी आपल्यावाचून अडलं पाहिजे.

जानेवारीतल्या एका रविवारी पिल्लू आलं. देशीच, काळंपांढरं, कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणून सांभाळलेलं. नातीनं त्याच्यासाठी एक कागद तयार केला आहे : ते काय खातं, कशाला घाबरतं, कुठे झोपतं. ही कल्पना तिला कुणी सुचवली नव्हती. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे.

अर्जावर मी रीतसर शेरा मारला : मंजूर. अटी खाली जोडल्या. जामीनदार म्हणून सही माझीच; पंचाहत्तराव्या वर्षी त्या सहीला किती किंमत, हे बँकेत विचारू नये. माझी सही झाल्यावर मुलानं पेन मागितलं आणि शेवटची अट स्वतःच्या हातानं लिहिली : ‘सदर पिल्लाची कोणत्याही कारणास्तव बदली होणार नाही.’